खाणपट्ट्यातले वर्गमित्र

तेल निघणाऱ्या मुलखावरची, बालमित्रांची कादंबरी हा आता ओळखीचा प्रकार झाला आहे. खाडीकाठचे गाव, एकाच पाण्यात पोहायला शिकलेली चार पोरे. एक शिकून राजधानीत पत्रकार होतो, एक तेल कंपनीत चिकटतो, एक बंदूक उचलतो आणि एक गावातच जाळी विणत राहतो. वीसेक वर्षांनी पाइपलाइन फुटते किंवा कंपनीचा माणूस पळवला जातो आणि चौघे पुन्हा समोरासमोर येतात. गोव्याच्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्याला हा साचा हवा आहे आणि तो मराठीत हवा आहे, असे आमचे ठाम म्हणणे आहे. मात्र तो जसाच्या तसा उचलला तर फसेल.

साचा म्हटला की बेतलेपणाचा संशय येतो. नायजेरियातल्या नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात तो संशय घ्यायचे कारण नाही. तिथे ओलोइबिरी गावात १९५६ साली तेल सापडले आणि दोन वर्षांनी पहिली निर्यात झाली. त्याच प्रदेशातला ओगोनी हा छोटा समाज. १९९० साली त्यांनी आपली संघटना बांधली. लेखक केन सारो-विवा तिचा चेहरा, आणि त्यांचे जुने मित्र एडवर्ड कोबानी सुरुवातीपासून बरोबर. १९९३ च्या जानेवारीत प्रचंड मोर्चा निघाला, त्याच वर्षी शेल कंपनीने ओगोनी भागातले काम थांबवले. मग निवडणुकीवर बहिष्कार टाकायचा की नाही, यावरून संघटना फुटली आणि मित्र दोन बाजूंना गेले. २१ मे १९९४ रोजी जमावाने चार ओगोनी पुढाऱ्यांना ठार मारले. त्यांत कोबानी होते. सारो-विवांच्या सासरचे दोघे भाऊ होते. सारो-विवा तेव्हा त्या जागी नव्हते, तरी लष्करी राजवटीच्या विशेष न्यायाधिकरणाने त्यांना दोषी ठरवले आणि १० नोव्हेंबर १९९५ रोजी आठ जणांसह फासावर चढवले.

एवढे वाचले तरी कळते की त्या भागातल्या लेखकाला कथानक शोधत फिरावे लागत नाही. तेलाने माणसे तोडली ती अनोळखी नव्हती, एकाच पंक्तीला जेवणारी होती. संकट मित्रांना एकत्र आणते हे अर्धेच खरे आहे. ते त्यांना एका खोलीत आणते आणि तू कुठल्या बाजूचा, असे विचारते.

गोव्यात बंदुका चालल्या नाहीत, कुणी फासावर गेले नाही. त्यामुळे इथल्या खाणींत कादंबरी नाही, असा समज आपल्या साहित्यवर्तुळात मुरलेला दिसतो. तो आम्हाला मान्य नाही. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या तालुक्यांत खाणीने मैत्रीचे जे केले आहे, ते पाहायला रक्ताची गरज नाही. एक ट्रकमालक आणि त्याच्या ट्रकच्या धुळीखाली ज्याचे शेत येते तो, हे दोघे बहुधा एकाच प्राथमिक शाळेतले असतात.

ही शाळाही महत्त्वाची. मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. त्यांच्या सरकारने खेडोपाडी मराठी शाळा उघडल्या आणि बहुजन समाजाची पहिली पिढी अक्षर शिकली. 'गोमंतक' हे दैनिक १९६२ साली चौगुल्यांनी काढले, 'नवप्रभा' धेंप्यांचे. दोन्ही घराणी तेव्हा खनिज व्यवसायातली. म्हणजे गोव्यातला मराठी वाचक आणि गोव्यातली खाण ही जवळजवळ एकाच काळात वाढली, एकाच पैशावर वाढली. यात कुणावर आरोप नाही. त्या शाळांचे आणि त्या वर्तमानपत्रांचे उपकार मोठे आहेत. पण ज्या हाताने पाटी दिली त्याच हाताने डोंगर खणला, हे लिहिणे मराठी लेखकाला का जड गेले असेल, याचे एक उत्तर इथे आहे. कोंकणीत पुंडलीक नाईकांची 'अच्छेव' १९७७ साली आली आणि खाण येताच शेतकऱ्यांचे गाव कसे उलटेपालटे होते, ते तिने मांडले. ती खाण येण्याची कादंबरी. खाण बंद पडण्याची, आणि बंद पडलेली पुन्हा सुरू होण्याची कादंबरी वेगळी असणार आहे. त्यात सगळे पक्ष गावातलेच असतील.

बंद पडण्याचा क्रम लेखकाला तोंडपाठ असायला हवा. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत आला. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की लीजची, म्हणजे खाणींच्या भाडेपट्ट्यांची, मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, त्यानंतरचे सगळे खनन बेकायदा. तरी सरकारने ८८ लीजांचे नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी तेही रद्द झाले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या.

आता या तारखा गावाच्या पंचांगावर ठेवून पाहा. २०१२ ची चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. बंदी आली तेव्हा तिला नऊ दिवस उरले होते. चवथीला गोव्याबाहेर गेलेला माणूस मूळ घरी येतोच. मुंबईचा येतो, पुण्याचा येतो, आखातातल्याला जमले तर तोही येतो. मित्रांना भेटवायला अपघात नको, अंत्ययात्रा नको, योगायोग तर मुळीच नको. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची सजावट, बांधायला सगळे घरात असतात, आणि ज्याने पावसाळ्यात उभ्या ठेवलेल्या ट्रकची डागडुजी नव्या हंगामासाठी नुकतीच उधारीवर करून घेतली आहे, तोही तिथेच असतो. २०१८ चा पाडवा १८ मार्चला, बंदीनंतर दोन दिवसांनी. इतकी चपखल मांडणी वास्तवाने करून ठेवलेली असताना खाणगावच्या कादंबरीत नायकाला मध्यरात्री फोन आला म्हणून गावी आणण्याचे कारण काय?

ट्रकवाल्याचे गणित समजले नाही तर ही कादंबरी पहिल्या पन्नास पानांत मरेल. माल खाणीवर पोकलेनने भरतात. वजनकाट्यावर वजन होते, चलन मिळते. तिथून ट्रक आमोणे किंवा सारमानससारख्या जेटीवर जातो, पुन्हा काटा, माल ओतायचा, रिकामा परत. भाडे टनावर आणि अंतरावर. म्हणजे कमाई वाढवायचे दोनच मार्ग: दिवसाच्या ट्रीपा वाढवा, नाहीतर ट्रीपमागचे टन. पहिल्याने वेग वाढतो, दुसऱ्याने फाळक्यावरून माल सांडतो, ब्रेक आणि टायर लवकर जातात. ताडपत्री नीट बांधायला वेळ लागतो, तो वेळ रांगेतल्या नंबरातून वजा होतो, म्हणून ती अर्धवट बांधली जाते. सांडलेला माल उन्हात दळला जाऊन धूळ होतो, पावसात लाल चिखल. यात कुणी दुष्ट असावा लागत नाही. दर असा ठरला की वर्तन तसेच होते.

त्यात बँकेचा हप्ता बारा महिन्यांचा आणि वाहतुकीचा हंगाम साधारण आठ महिन्यांचा. पावसाळ्यात खाण मंदावते, आग्वादजवळचा वाळूचा दांडा मांडवीचे मुख अडवतो आणि खनिज वाहणाऱ्या बार्जेस कुंभारजुवे कालव्यातून झुआरीकडे वळवाव्या लागतात. डिझेल, टायर, विमा, चालकाचा पगार, क्लीनरचा भत्ता हे सगळे त्या आठ महिन्यांतून काढायचे. चीनची मागणी वाढली त्या काळात, जो माल आधी टाकाऊ म्हणून डंपावर, म्हणजे खाणीच्या ढिगावर, पडला होता त्यालाही गिऱ्हाईक आले आणि गावात ट्रकांची रीघ लागली. कर्ज सहज मिळे, कारण कंपनीचे काम हेच तारण वाटे. बंदी आली तेव्हा ट्रक उभा राहिला, हप्ता चालू राहिला. उभ्या ट्रकची बॅटरी उतरते, टायर भेगाळतात, गंज चढतो, आणि आसपासचे सगळेच विकायला काढत असल्याने किंमतही येत नाही. जामीन कोण? शेजारी, मेहुणा, वर्गमित्र. मैत्रीत पहिली भेग पर्यावरणाच्या वादाने पडत नाही, जामिनाच्या नोटिशीने पडते. हे कादंबरीकाराने गाठीला बांधून ठेवावे.

दुसरा मित्र शेतीवाला. त्याच्याकडेही तितक्याच बारकाईने पाहायला हवे. गोव्याच्या खाणीत एक टन खनिजामागे अडीच ते तीन टन माती-दगड काढावा लागतो. तो डंप होतो. डंपाच्या पायथ्याशी चिऱ्यांची भिंत, भोवती चर आणि गाळ बसायला खड्डे असावे लागतात. हे खड्डे मेअखेर उपसले नाहीत तर जूनच्या पहिल्या जोरदार सरींतच भरतात आणि पुढचे पाणी गाळासकट ओहोळात उतरते. ओहोळातून शेतात. हा गाळ इतका बारीक असतो की पाणी निवळते तेव्हा तो रोपांच्या बुडाशी पातळ थर करून बसतो. ऊन पडले की थर टणक होतो, फुटवे येत नाहीत. खरवडून काढावा तर खालची चांगली मातीही त्याच्याबरोबर जाते. दोन-तीन वर्षे असे झाले की ओहोळाचा तळ वर येतो, मग गाळ नसला तरी पाणी तुंबते. खाली खाजन, म्हणजे बांध घालून राखलेले खाडीकाठचे सखल शेत, असेल तर मानशीच्या (पाणी अडवणाऱ्या दाराच्या) फळ्या गाळात अडकतात, भरतीचे खारे पाणी आत येते आणि खारे पाणी सोसणाऱ्या कोरगुट भाताचे पीकसुद्धा हातचे जाते. नुकसानभरपाई मिळते ती त्या वर्षाच्या पिकाची आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमीन-नोंदीवर) ज्याचे नाव त्याला. कसणारा वेगळा, नाव वेगळे, असे असेल तर दोन भावांत किंवा कूळ आणि भाटकारात (जमीनमालकात) नवा वाद उभा राहतो. तोही खाणीचाच.

डिचोलीतल्या शिरगावचे उदाहरण याहून सरळ आहे. खाणीचा खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला की तो कोरडा ठेवायला पंप सतत चालवावे लागतात. पंप खंदकातले पाणी काढतो असे वाटते. खरे तर तो आजूबाजूच्या विहिरी आणि झरी ओढत असतो. शिरगाव लईराई देवीचे गाव. जत्रेआधी धोंड, म्हणजे देवीचे भक्तगण, व्रत पाळतात, एकत्र राहतात, एकत्र स्नान करतात, मग होमकुंडातून जातात. ज्या गावात देवीच्या व्रताला पाणी लागते, त्याच गावचे पाणी उपसले गेले. दोन मित्र लहानपणापासून बरोबर धोंड होणारे, त्यातला एक पंपावर कामाला. तो रात्रपाळी करून येतो आणि सकाळी त्याच कोरड्या विहिरीपाशी बादली घेऊन उभा राहतो. या माणसाला कुठल्या गटात टाकणार?

तेलाच्या मुलखातून नेमके हे शिकण्यासारखे आहे. तिथे चोरून तेल शुद्ध करण्याचा धंदा खाड्यांमधून चालतो. पाइपलाइनला भोक पाडून कच्चे तेल काढतात, पत्र्याच्या बंद टाकीत भरून खालून जाळ लावतात, वाफ नळीतून पाण्याच्या हौदात थंड करतात आणि निघेल तसे पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळे करतात. ताडीपासून दारू गाळायची तिथली जुनी रीतच या कामाला लावली आहे. काजूची भट्टी पाहिलेल्या गोंयकाराला ही रचना दुसऱ्यांदा समजावून सांगावी लागणार नाही. फरक असा की काजूचा रस असा पेटत नाही. तेलाची वाफ गळाली की स्फोट होतो, माणसे भाजून मरतात. आणि जे शुद्ध होत नाही ते काळे अवशेष खाडीत सोडून देतात. म्हणजे ज्याच्या बापाची मासेमारी कंपनीच्या गळतीने गेली, तोच पोरगा आता त्याच तिवरांवर तेल ओततो. त्या मुलखातल्या कादंबरीला खरा जोर येतो तो अशा माणसामुळे. आपल्या खाणपट्ट्यातला ट्रकमालक, पंपावरचा कामगार, गाळाची भरपाई घेऊन त्याच पैशांत ट्रकचे पहिले डाउन पेमेंट भरणारा शेतकरी, हे सगळे त्याच जातकुळीचे.

साचा फसतो तो परतून आलेल्या पत्रकार-मित्रामुळे. त्याच्या डोळ्यांनी गाव दाखवायचे ठरवले की गावकरी नमुने होतात, कामाची माहिती पर्यटकाच्या कुतूहलाने येते आणि शेवटी त्याच्या अपराधभावाला सगळ्यांपेक्षा जास्त पाने मिळतात. परतणारा हवा असेल तर तो बँकेचा वसुली अधिकारी असू दे, नाहीतर बार्जवरचा तांडेल. त्याला परतताना काही काम असले पाहिजे. आणखी एक फसगत मोठ्या स्फोटाची. तेल भडकते, खनिज भडकत नाही. गोव्यातले संकट कागदावरून येते, आणि विहिरीतून इंचाइंचाने जाते. ज्या लेखकाला न्यायालयाचा निकाल, लीजची मुदत आणि पंचायतीचा ठराव यांत नाट्य दिसत नाही, त्याने या विषयाला हात घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक आक्षेप गंभीर आहे, तो टाळता येणार नाही. मित्रांची कादंबरी म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच बरोबर, असे दाखवणे. त्यातून ज्यांनी खरी लूट केली ते सुटतात. आक्षेप घेणाऱ्यांची भीती रास्त आहे आणि अशा पुस्तकांनी जगभर ती खरीही ठरवली आहे. पण दोष सारखा वाटायचा नसेल, तर हिशेब दाखवावा लागतो, आणि तो मित्रांच्या कादंबरीत जितका दाखवता येतो तितका कुठेच नाही. एकच टन खनिज घ्या. ट्रकवाल्याला त्यावर ट्रीपचे भाडे मिळते. बार्जमालकाला नदीतल्या वाहतुकीचे. सरकारला रॉयल्टी. शेतकऱ्याला त्या टनामागच्या मातीची कधी भरपाई, कधी काहीच नाही. आणि उरलेली किंमत लीजधारकाकडे जाते, ज्याचे लीज २००७ नंतर कायद्याने अस्तित्वातच नव्हते. शहा आयोगाने बेकायदा खननाने झालेल्या नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपये मांडला होता. तो आकडा वादग्रस्त आहे, राहू दे. पण जेटीवर रांगेत बसून डबा खाणाऱ्या दोन मित्रांच्या हाती त्यातले किती आले, हे पानावर आले की कोणाचा दोष किती, हे वाचकाला सांगावे लागत नाही. 'खाणग्रस्त' आणि 'खाण अवलंबित' हे दोन शिक्के आपल्या वर्तमानपत्रांनी आणि मोर्चांनी असे मारून ठेवले आहेत, की एकाच घरात दोन्ही राहतात हेच दिसेनासे झाले. त्या घरात शिरायचे काम बातमीचे नाही.

भरपाईने प्रश्न मिटतो, या समजुतीवरही तेलाच्या मुलखाने प्रकाश टाकला आहे. ओगोनी भागातल्या बोडो गावाजवळ २००८ साली दोनदा तेलगळती झाली. २०१५ मध्ये ५ कोटी ५० लाख पौंडांची तडजोड झाली, त्यातला मोठा भाग १५,६०० जणांत वाटला गेला. पैसे आले, खाडी तशीच राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ साली ओगोनी भागाच्या पाहणीचा अहवाल दिला, त्यात एका ठिकाणी पिण्याच्या विहिरीत बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघाले, आणि परिसर सावरायला २५ ते ३० वर्षे लागू शकतात असे सांगितले. मित्र भेटतात, रडतात, समेट करतात, तोपर्यंत पाण्याचे काय झाले हे कादंबरीने विचारलेच पाहिजे. समेटावर पुस्तक संपवायची घाई हा या प्रकाराचा सर्वांत वाईट दोष आहे.

हे लिहायचे तर साहित्य आत्ता गोळा करायला हवे. ट्रीपांची चलने, बँकांच्या नोटिसा, ट्रकमालक संघटनांची निवेदने, ग्रामसभांचे ठराव, गाळाच्या पंचनाम्यांच्या प्रती घरांतल्या ट्रंकांत आणि पंचायतींच्या कपाटांत वाळवीच्या तोंडी आहेत. पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाने खाणपट्ट्याचा वेगळा संग्रह उघडावा आणि गावांतून हे कागद स्कॅन करून घ्यावेत. मराठीच्या नावाने काम करणाऱ्या संस्थांनी संमेलनातल्या एखाद्या परिसंवादाचा खर्च वाचवून, निवृत्त चालक, तांडेल, वॉशिंग प्लांटवरचे कामगार, शेतात रोवणी करणाऱ्या बायका यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. बोलणे कोंकणीतच असू दे. घरात कोंकणी, शाळेत मराठी, नोटीस इंग्रजीत, असेच त्या माणसांचे आयुष्य गेले आहे, आणि लेखकाला तिन्हींचा पोत सांभाळावा लागेल.

घाई आहे, कारण गोष्ट संपलेली नाही. २०२२ च्या डिसेंबरात नव्या पद्धतीने पहिल्या चार खाण-ब्लॉकांचे लिलाव झाले, २०२४ साली डिचोलीत खनन पुन्हा सुरू झाले. नव्या ब्लॉकांना पर्यावरण दाखल्यासाठी जनसुनावण्या घ्याव्या लागतात. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, आणि शेवटी झालेल्या कामकाजाचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा. कोरमची अट नाही, मोजकी माणसे आली तरी सुनावणी धरली जाते. कोण काय बोलले ते इतिवृत्तात येते, उपस्थितांची यादी त्याला जोडली जाते, आणि त्याची प्रत पंचायतीत लावतात. ज्याला ही कादंबरी लिहायची आहे त्याने पुढच्या सुनावणीला सकाळीच जाऊन बसावे, सारांश वाचून होईपर्यंत उठू नये, आणि नंतर ती यादी मागून घ्यावी. एकाच वाड्यावरची, एकाच वयाची, एकाच शाळेत शिकलेली माणसे त्या दिवशी कुठल्या बाजूने बोलली, हे त्यात नावागावासह सापडेल.